आबांच्या मणक्यातली गादी

गावात ही बातमी कोणी उठवली ते मला अजून कळलेलं नाही. माझा संशय आईवर आहे, पण ती कबूल होत नाही. एवढं खरं की त्या हिवाळ्यात मी रजा घेऊन कळसाडीला घरी पोचले, तेव्हा ओट्यावर चार-पाच माणसं कमरेला हात लावून बसली होती आणि सगळी माझीच वाट बघत होती. एकाने एक्स-रेचं पाकीट आणलं होतं. मी बॅग खाली ठेवायच्या आत त्याने ती फिल्म उन्हाकडे धरली आणि विचारलं, "ताई, गादी लई उनी का?"

गादी आणलीस का, असं तो विचारत होता. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. कंबर धरली, पायात कळ गेली, की आमच्याकडे 'गादी सरकली' म्हणतात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी या गादीतल्या पेशींवर काम करते. ऑपरेशनमध्ये काढून टाकलेला गादीचा तुकडा रुग्णाच्या परवानगीने आमच्याकडे येतो. त्यातल्या बहुतेक पेशी थकलेल्या असतात. थोड्या अजून नवी गादी धरू शकतील अशा असतात. त्या थोड्या वेगळ्या काढायच्या, हे आमचं काम. एरवी पेशी ओळखायला त्यांना चमकणारा रंग चिकटवतात. पण रंग चिकटवलेली पेशी उद्या माणसाच्या पाठीत सोडायची म्हटलं तर शंभर शंका येतात. म्हणून आम्ही काहीही न चिकटवता त्यांना केसाएवढ्या बारीक, गोल वळत जाणाऱ्या नळीतून पाण्यासोबत सोडतो. मोठी पेशी आतल्या कडेने जाते, लहान बाहेरच्या कडेने, आणि शेवटी वाटा फुटतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पेशी एकमेकींना चिकटतात, नळी तुंबते, आणि आठवडाभराची मेहनत चिमूटभर गाळात बसते.

हे सगळं मी एकदा घरी नीट समजावून सांगितलं होतं. त्याचं गावात 'पोरगी मणक्याच्या गाद्या बनाडस' असं झालं.

ओट्यावरच्या माणसांना मी सांगितलं की माझ्याकडे काही नाही. त्यांनी मान डोलावली आणि तरी बसून राहिली. आईने सगळ्यांना चहा दिला. चहा झाल्यावर एक जण आईला हळूच म्हणाला, "दमेल शे, सकायले येतस." म्हणजे मी दमले आहे, उद्या सकाळी येतो. मी आईकडे पाहिलं. ती चुलीकडे बघत होती.

खरा रोगी घरातच होता. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पावसाळ्यापासून डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जात होती आणि त्यांनी ते मला फोनवर कळू दिलं नव्हतं. शेजारच्या गावातल्या एकाकडून पाठ ओढून घेतली होती. शर्टावरून पट्टा बांधून उसाला पाणी देत होते. मी त्यांना नंदुरबारला नेलं, मणक्याचा एमआरआय काढला. कमरेतल्या शेवटच्या गाद्यांपैकी एकीचा गर बाहेर येऊन नस दाबत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, खड्ड्यांतून गाडीवर बसायचं नाही असं सांगितलं. पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटली तर ताबडतोब या, हे दोनदा सांगितलं. आबा 'हो साहेब, हो साहेब' करत होते. त्यांचं हो म्हणजे काय असतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

घरी येऊन पुन्हा तेच सुरू झालं. घरी मी अहिराणी-मराठी मिसळून बोलते, पण पेशी, नळी, प्रयोग हे सांगायला गेलं की माझे अहिराणीतले शब्द संपतात आणि मी शाळेतल्या मराठीवर येते. मराठीवर आले की आबांना वाटतं मी त्यांना भाषण देतेय.

"तू त्या पेशी निवडस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, निवडते."

"निवडीसन काय करस?"

"वाढवते. मग बघते त्या नीट काम करतात का."

"करतस का?"

"काही करतात."

"मंग त्याच दे ना मले."

"आबा, अजून माणसाला देत नाहीत. आधी काचेत, मग प्राण्यांत, मग कधीतरी माणसात. गादीला रक्त पोचत नाही, तिथे नवी पेशी सोडली तरी ती जगेल की नाही हेच आम्हाला नक्की माहीत नाही."

"इतला वरीस तू काय करी ऱ्हायनी मंग?"

याचं उत्तर द्यायचं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. मी उठून अंगणात गेले. तिथे एक्स-रेवाला बसलेला होता.

दोन दिवसांनी मी धडगावला एका मैत्रिणीच्या घरी गेले होते. संध्याकाळी घाट उतरून परत आले तर आबा घरात नव्हते. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला गेले होते. मोटरसायकलवर, मित्राच्या मागे बसून. आमच्याकडे घोडा नाही, कधी नव्हता, घ्यायचाही नव्हता. आबांना फक्त बघायचे होते.

"तू जाऊ कसं दिलंस?" मी आईला विचारलं.

"मी काय त्यासले बांधी ठेवू?" आई म्हणाली. "डॉक्टरनं त्यासनी आयकं नही, तुन्हं आयकं नही. मन्हं आयकतीन?"

आबा आले ते पाय ओढत, पण चेहऱ्यावर समाधान होतं. खिशातून एक घडी घातलेला रंगीत कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. यात्रेत कोणीतरी वाटत होतं. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात शिबिर होतं, मोठ्या शहरातून डॉक्टर येणार होते. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: तुमच्याच पेशींनी तुमची गादी पुन्हा तयार, ऑपरेशन नाही, एकच इंजेक्शन.

"देख," आबा म्हणाले. "तू करी ऱ्हायनी ते काम त्यानी करी टाकं."

मी कागद दोनदा वाचला. मग मी खूप बोलले. काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की आई मध्येच म्हणाली, हळू बोल, लोक ऐकतस. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू सोबत चाल. तुले समजस, तू इचार त्याले."

त्यांना वाटत होतं मी विचारीन आणि माझं समाधान होईल. मला वाटत होतं मी विचारीन आणि त्यांचं होणार नाही. असे आम्ही तिघं शिबिराला गेलो.

मंगल कार्यालयात लग्नाच्याच लाल खुर्च्या मांडल्या होत्या. त्या भरल्या होत्या आणि मागे सतरंजीवरही माणसं होती. सतरंजीवर भिंतीला टेकून एक बाई बसली होती, अंगभर शाल गुंडाळून. आईने तिला ओळखलं. धडगावच्या वरच्या पाड्यावरची. ती आणि तिचा नवरा दर हिवाळ्यात ऊसतोडीला खाली येत. आमच्या शेतातही त्यांनी तोड केली होती. घरी ते पावरी बोलत, आमच्याशी मोडक्या अहिराणीत. पाठ धरल्यामुळे या वर्षी ती तोडीला आली नव्हती. कोणीतरी जीपमध्ये जागा दिली म्हणून शिबिराला उतरली होती. आई तिच्याजवळ सतरंजीवर बसली.

डॉक्टर चांगलं बोलत होते. हे मी मान्य करते. पडद्यावर गादीची चित्रं होती, आमच्या प्रयोगशाळेत लावलेली असतात तशीच. ते म्हणाले, कमरेच्या हाडातून थोडा रस काढायचा, मशीनमध्ये फिरवायचा, त्यातल्या चांगल्या पेशी गादीत सोडायच्या. शरीराच्याच पेशी, म्हणून काही धोका नाही. प्रश्न विचारा म्हणाले. मी उभी राहिले.

"त्यातल्या चांगल्या पेशी तुम्ही वेगळ्या कशा करता?"

"मशीन करतं."

"कोणतं मशीन? फिरवून जड आणि हलकं वेगळं होतं. गादी धरणारी पेशी कुठली, हे त्यातून कसं कळतं?"

ते हसले. "आपण डॉक्टर आहात?"

"नाही. मी याच विषयावर संशोधन करते."

"छान. मग आपण संशोधन करा, ताई. आम्ही रुग्ण बरे करतो."

खुर्च्यांमध्ये हशा पिकला. वाईट हसणं नव्हतं ते, लग्नात असतं तसं. मी आणखी विचारलं: किती लोकांना दिलं, नंतर त्यांचे एमआरआय काढले का, याला परवानगी कोणाची आहे. त्यांनी पुढच्या माणसाकडे बोट दाखवलं आणि तो आपल्या सासऱ्यांविषयी विचारू लागला. मी बसले. आबा मान खाली घालून पट्ट्याची पट्टी उघडत आणि पुन्हा लावत होते.

"बठी जा आते," ते म्हणाले. मी बसलेलीच होते.

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर पायरीवर आले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्या डॉक्टरचा आणि त्याहून जास्त माझा. त्याच्याकडे खोटं होतं आणि ते आजच मिळत होतं. माझ्याकडे खरं होतं आणि ते कधी मिळेल हे मला सांगता येत नव्हतं. आई त्या पाड्यावरच्या बाईला धरून माझ्याकडे घेऊन आली. बाईने मला नीट न्याहाळलं.

"तू सांगस हाई खोटं शे," ती म्हणाली. "मंग आम्ही कोठे जावानं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. इतका घाट उतरून, इतक्या वळणांवरून ती आली होती आणि तिला खरंच विचारायचं होतं. मी काहीतरी म्हणाले, विश्रांती घ्या, सरकारी दवाखान्यात जा. माझंच मला ते ऐकवेना. मग मी तिच्याकडे पाहिलं. दुपारचं ऊन होतं, सगळे छत शोधत होते, आणि ही शाल सोडत नव्हती. शालीखाली तिची चोळी खांद्यावरून घसरत होती.

आमच्याकडे येणाऱ्या तुकड्यांपैकी काही आम्ही घेतच नाही. ज्यांच्या मणक्यात क्षयाचे जंतू आहेत असा संशय असतो ते परत जातात, कारण एकाने सगळं काम नासतं. त्यासाठी रुग्णाला काय काय विचारलेलं असायला हवं ते मला पाठ आहे. पाठ होतं ते फक्त तुकडे नाकारण्यासाठी.

"संध्याकाळी अंग तापतं का?" मी विचारलं. आईने ते तिला समजेल असं सांगितलं.

रोज तापतं, ती म्हणाली. घाम येतो. पडून राहिलं तरी पाठ दुखते, पडल्यावर जास्तच. जेवण जात नाही. दिवाळीपासून चोळ्या सैल झाल्यात. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर मध्ये एका जागी मणका बाहेर आल्यासारखा लागला आणि ती कळवळली.

मी डॉक्टर नाही, हे मी तेव्हाही सांगितलं, आईला आणि तिला दोघींना. पण त्या दिवशी तिला इंजेक्शनसाठी नाव देऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आई तिच्यासोबत नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात गेली; नवरा घाटावरून परस्पर तिथे आला. दोन दिवस तपासण्या झाल्या आणि मणक्याचा क्षय निघाला. औषधं तिथेच मिळाली, खूप महिने घ्यायची होती, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या की हिच्या पाठीत कोणी काही टोचलं नाही हे फार चांगलं झालं.

आईने हे रात्री जेवताना सांगितलं तेव्हा मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी.

"तिले ताप व्हता," आबा भाकरी मोडत म्हणाले. "मले कोठे ताप शे?"

त्यांनी शिबिरात नाव दिलेलं होतं. इंजेक्शन पुढच्या आठवड्यात होतं.

त्यानंतर मी तीन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही. माझी रजा संपत आली होती. निघायच्या आदल्या सकाळी मी ओट्यावर चहा घेत होते आणि आबा विहिरीकडून येत होते. त्यांची डावी चप्पल वाटेतच राहिली. ते तसेच पुढे आले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"आबा, चप्पल."

त्यांनी खाली पाहिलं. "जुनी शे," म्हणाले. "ढिली व्हयी गयी."

मी ती चप्पल उचलून आणली. ती अजिबात ढिली नव्हती. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, पाऊल वर उचला, बोटं आकाशाकडे करा. उजवं पाऊल उचललं गेलं. डावं तसंच पडून राहिलं. आबा त्याच्याकडे बघत राहिले, जसं दुसऱ्याच कोणाचं असावं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"यात्रापासून जरासं," ते म्हणाले.

मी ओरडले नाही. ओरडायला आता वेळ नव्हता. नस मरू लागली होती आणि जितका उशीर तितकं ते पाऊल परत येणं अवघड. सुरतला आत्या राहते, तिथे मोठे दवाखाने आहेत; तिला फोन केला, दुपारच्या आत गाडीत बसलो. सगळ्या वाटेत आबा म्हणत होते की चप्पल बदलून बघायला हवी होती.

सुरतच्या सर्जनने एमआरआय पाहिला, पाऊल पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. बाहेर आलेला गर काढला, नस मोकळी केली. त्यांनी आबांना सरळ सांगितलं की ही नवी गादी नाही, दबलेलं काढलंय इतकंच. मी जे इतके दिवस सांगत होते तेच. आबांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, साहेब, असं कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

मी बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिले.

आबांच्या पायातली कळ शुद्धीवर येतानाच गेली होती. पाऊल लगेच आलं नाही. पुढे महिनोन्महिने व्यायाम करून बरंचसं आलं, पण अजूनही आबा दमले की डाव्या पायाचा आवाज वेगळा येतो.

मी तिथूनच पुण्याला गेले. महिन्याभराने आई-आबा मला भेटायला आले. आईने डबे काढले, चटणी, पापड, लोणचं, आणि सगळ्यांत शेवटी आबांनी फडक्यात गुंडाळलेली एक छोटी प्लास्टिकची बाटली माझ्या हातात दिली. आत पारदर्शक पाण्यात पांढरट तुकडे होते.

"हाई काय?"

"मन्ही गादी," आबा म्हणाले. "मी साहेबले मांगी लिधी. म्हंतं, मन्ही पोर हाईच काम करस. थोडी तपासाले गयी, बाकी दिधी."

मी झाकण उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. बाटलीवर फॉर्मेलिन लिहिलं होतं. त्यात टाकलेलं काहीही कुजत नाही आणि काहीही जगत नाही.

"आबा, याच्यातल्या सगळ्या पेशी मेल्यात. टाकल्याबरोबर मेल्या."

"तू मशीनमां न टाकता कसं सांगस?"

"कारण हे औषध त्याचसाठी असतं. आमच्याकडे येणारा तुकडा जिवंत ठेवून आणतात, थंड पेटीत, त्याच दिवशी. आणि घरचं माणूस आपलं काही आणून देतं म्हणून मी घेऊही शकत नाही. तिथे नियम आहेत."

आबा बाटलीकडे बघत होते. इतक्या लांबून ती मांडीवर धरून आणली होती, आई मला नंतर म्हणाली. बसमध्ये झोपले तरी हात सोडला नाही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. पण ते चिडले.

"मंग त्यानी आधी सांगाले नही जोयजे? तुनी बी नही सांगं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"तू ऑपरेशनना टायमाले बाहेर खिडकीजोडे उभी व्हती. कोनले इचारू?"

आई म्हणाली, जेवा आता दोघं. आम्ही जेवलो. जेवताना आबांनी पाड्यावरच्या बाईची बातमी सांगितली: ती बरी आहे, औषधं चालू आहेत, ताप गेलाय, पण ऊसतोड आता नाही म्हणतात. नवरा एकटाच येणार. ते मला एवढ्यासाठी सांगत होते की विषय बदलावा, हे मला कळत होतं, तरी बरं वाटलं.

ती बाटली मी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दवाखान्यात नेऊन दिली, तिथे असा कचरा नीट जाळतात. ते गावी पोचल्यावर आबांना मी ते फोनवर सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता, त्यांनी दर फोनवर विचारलं असतं.

"जायी टाकी?" ते म्हणाले.

"हो."

मागे आई कोणाला तरी हाका मारत होती.

"तुन्हाजोडे जित्ती कोनी शे मंग?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळी एका बाईंची आलीय. पन्नाशीच्या आहेत. बाकी मला माहीत नसतं."

"मंग ती निवड," आबा म्हणाले. "आठे ओट्यावर तिघं बसेल शेतस. त्यासले काय सांगू?"

मी म्हटलं, सांगा की अजून नाही झालं.

"मी बी तेच सांगस," ते म्हणाले, "त्या उठतस कोठे?"